भटकंतीसाठी साधा, जुन्या वळणाचा घडीचा चाकू कोणता घ्यावा?

पायवाट
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात असलेला प्रश्न आज विचारतेय.

डोंगरात, जंगलात, नदीकाठी दोन-तीन दिवसांची भटकंती नेहमी होते. आजवर सॅकमध्ये दहा-बारा अवजारांचं एक मल्टिटूल असायचं. मागच्या वेळी परत आल्यावर सामान पुसून ठेवताना लक्षात आलं, की पातं सोडलं तर त्यातलं दुसरं काहीच मी वर्षभरात उघडलेलं नाही. आणि ते पातंही आखूड. मूठ म्हणजे नुसत्या लोखंडी कडा. पंधरा मिनिटं काठी तासली की तळव्याला फोड येतो.

आता एकाच पात्याचा, साधा चाकू घ्यायचाय. आमच्या आजोबांच्या खिशात असायचा तसा. कामं म्हणाल तर दोरी कापणं, तंबूच्या खुंट्या तासणं, शेकोटीसाठी बारीक ढलप्या काढणं, फळ चिरणं, पाकिटं फोडणं. शिकार नाही, मारामारी नाही, झाडं पाडायची नाहीत.

शोधायला बसले तर ओपिनेल, लायोल, हिगोनोकामी, डुक-डुक, स्विस... नावांचा पूर आला. कार्बन स्टील घ्यावं की स्टेनलेस? पातं उघडल्यावर लॉक होणारा हवाच का? लांबी किती पुरते? ज्यांनी वर्षानुवर्षं वापरलाय त्यांचं ऐकायचंय.

कातळ
ओपिनेल, ८ नंबर. विषय संपला.

सांजवेळ
संपतोय कसला, आत्ता कुठे पातं उघडलंय! :) वाचतेय. मलाही हवाय.

निसणा
पायवाटताई, नावांची यादी जरा बाजूला ठेवा. उघडलेलं पातं जागेवर कशामुळे राहतं, ते आधी समजून घ्या. निम्मी निवड तिथेच होते.

सगळ्यात जुनी तऱ्हा नुसत्या घर्षणाची. पातं एका खिळीवर घट्ट बसवलेलं, स्प्रिंग नाही, लॉक नाही. पात्याच्या बुडाला शेपटीसारखी एक पट्टी असते. चाकू उघडला की ती मुठीच्या पाठीवर येते आणि तुमचा अंगठा किंवा तळवा तिला दाबून धरतो. जपानी हिगोनोकामी असाच असतो. न्यूझीलंडच्या स्वॉर्ड पेझंटची शेपटी तर जवळजवळ मुठीएवढी लांब. हातानं पकडलंय तोवर पातं मिटू शकत नाही, कारण तुमची पकड हेच त्याचं लॉक.

दुसरी तऱ्हा स्प्रिंगची. मुठीच्या पाठीत पोलादाची लांब पट्टी असते, ती पात्याच्या बुडावर दाब देत राहते. उघडताना आणि मिटताना 'खट्' असा जो आवाज येतो तो तिचाच. स्विस चाकू, लायोल, डुक-डुक हे सगळे यातले. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: स्प्रिंग पातं धरून ठेवते, अडवून ठेवत नाही. पात्याच्या पाठीवर जोर आला तर ते बोटांवर मिटणारच.

मग पाठीवरचं लॉक. यात त्याच पट्टीचा दात पात्याच्या खाचेत अडकतो आणि दाबून सोडवल्याशिवाय पातं हलत नाही. जर्मनीतल्या झोलिंगेन गावचा काळा, पत्र्याच्या मुठीचा मर्केटर, ज्यावर मांजराचं चित्र असतं, तो या जातीचा. अमेरिकेतला बक ११० सुद्धा, पण तो खिशाला जड. आणि शेवटी कडी, म्हणजे कातळरावांचा ओपिनेल. पातं उघडायचं, गळ्याशी असलेली धातूची कडी फिरवायची, तिची फट बाजूला गेली की पातं अडलं.

माझं मत विचाराल तर तुमच्या यादीतल्या एकाही कामाला लॉक लागत नाही. सगळी कामं धारेच्या दिशेनं दाब देऊन होतात, आणि त्या दाबानं पातं आणखी उघडायलाच बघतं.

भरती_ओहोटी
निसणाकाका, बाकी सगळं मान्य, शेवटचं अजिबात मान्य नाही.

मी होडीवर असतो. हात ओले, बोटं गारठलेली. भिजून आवळलेली गाठ सुटेना म्हणून स्प्रिंगवाल्या चाकूचं टोक तिच्यात खुपसलं आणि उचकटायला गेलो. पातं मिटलं. तर्जनीला चार टाके, आणि किनाऱ्यावर पोचायला तीन तास. तेव्हापासून लॉक नसलेला चाकू मी जवळ ठेवत नाही. घरात बसून 'सगळी कामं धारेच्या दिशेनं' म्हणणं सोपं आहे. बाहेर हात चुकतो.

निसणा
बोट वाचलं हे महत्त्वाचं. तुमच्या जागी मीही हादरलो असतो. पण गाठ उचकटणं हे चाकूचं काम नाही. त्याला दाभणासारखं टोकदार, बिनधारेचं अवजार लागतं, आणि होडीवर वापरायच्या बऱ्याच चाकूंना तसा सोया वेगळा जोडलेला असतो तो त्याचसाठी. त्या दिवशी लॉकचा चाकू असता तर बोट वाचलं असतं, टोक मात्र मोडलं असतं.

तरीही ओल्या, गार हातांचा मुद्दा खरा आहे. पाण्यावर जाणाऱ्यानं लॉक घ्यावं. एवढं मी मागे घेतो.

भरती_ओहोटी
एवढं पुरे :)

जुनी_पेटी
ओपिनेलचं नाव निघालंच आहे तर थोडा इतिहास. फ्रान्समधल्या साव्वा प्रांतात, आल्प्सच्या पायथ्याशी, जोसेफ ओपिनेल यानं १८९० मध्ये हा चाकू बनवला; त्याचे वडील अवजारं घडवायचे. १८९७ मध्ये त्याची १ ते १२ अशा नंबरांची मालिका आली. पुढे १ आणि ११ हे नंबर बंद झाले, म्हणून आज मधेच नंबर गळालेले दिसतात. पात्यावर मुकुट घातलेल्या हाताची खूण आहे, ती १९०९ पासूनची.

ज्या कडीबद्दल निसणा यांनी लिहिलं ती मूळ चाकूला नव्हतीच! ती आली १९५५ मध्ये. म्हणजे पहिली ६५ वर्षं शेतकरी आणि मेंढपाळ हाच चाकू लॉकशिवाय वापरत होते. २००० पासून कडी मिटलेलं पातंही अडवते, खिशात आपोआप उघडत नाही. मला विचाराल तर ती सुधारणा पहिलीपेक्षा जास्त कामाची.

माझा जीव मात्र हिगोनोकामीवर आहे. पितळेचा किंवा लोखंडाचा पत्रा दुमडून केलेली मूठ, एक पातं, एक खीळ आणि एक वॉशर. संपूर्ण चाकूत मोडण्यासारखं काही नाही. उगम ह्योगो प्रांतातल्या मिकी गावचा, १८९० च्या दशकातला. जपानमधली शाळकरी मुलं पिढ्यान्‌पिढ्या यानं पेन्सिली तासत. १९६० नंतर मुलांच्या हाती चाकू नको अशी मोहीम देशभर झाली आणि मिकीतले बहुतेक कारागीर या धंद्यातून गेले.

सांजवेळ
त्याच्या पात्यावर 'निळा कागद' पोलाद असतं असं वाचलं. पातं निळं असतं का?

जुनी_पेटी
नाही, पातं नेहमीसारखंच. पोलादाच्या कारखान्यातून येणाऱ्या पट्ट्यांना ज्या रंगाचा कागद गुंडाळलेला असे त्यावरून ती नावं पडली, निळा कागद आणि पांढरा कागद. दोन्ही कार्बन स्टीलच. निळ्यात थोडं क्रोमियम आणि टंगस्टन घातलेलं असतं, त्यामुळे धार जरा जास्त टिकते. गंज दोघांनाही चढतो.

लोहभस्म
धातूंशी रोजचा संबंध आहे म्हणून कार्बन-स्टेनलेसवर लिहितो.

ओपिनेलच्या कार्बन पात्यात साधारण ०.९ टक्के कार्बन असतो, त्यापलीकडे फारसं काही नाही. कार्बनमुळे पोलाद पाणी पाजल्यावर, म्हणजे तापवून एकदम थंड केल्यावर, कडक होतं. स्टेनलेस म्हणवून घ्यायला किमान साडेदहा टक्के क्रोमियम लागतं, आणि चाकूंमध्ये ते १३-१४ टक्क्यांच्या आसपास असतं. हे क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा थर तयार करतं. ओरखडा पडला तरी तो थर आपला आपण परत धरतो. गंज न लागण्याचं कारण एवढंच.

मग लोक कार्बनच्या एवढे प्रेमात का? धार लावायला ते सोपं जातं. क्रोमियम आणि कार्बन मिळून स्टेनलेसमध्ये टणक कण तयार होतात, ते दगडाला दाद देत नाहीत. साध्या कार्बन स्टीलमध्ये ही अडचण कमी, त्यामुळे साध्या दगडावर, प्रसंगी नदीतल्या गुळगुळीत बारीक गोट्यावरही धार येते. मात्र सगळं स्टेनलेस हट्टी असतं हेही खरं नाही. ओपिनेलचं किंवा स्विस चाकूचं स्टेनलेस मुद्दाम बेतानं कडक ठेवलेलं असतं (स्विसवाल्यांचं ५६ रॉकवेल, हे कडकपणाचं माप), तेही दहा मिनिटांत धारेवर येतं.

आणखी एक. 'स्टेनलेस म्हणजे गंजणारच नाही' असं समजून कुणी खाऱ्या पाण्यात ओला चाकू तसाच मिटून ठेवू नये. मीठ त्या थराला भोकं पाडतं आणि खिळीजवळ, जिथे फडकं पोचत नाही, तिथून खड्डे पडायला लागतात.

भरती_ओहोटी
याला शंभर वेळा अनुमोदन. होडीवरून आलो की आधी गोड्या पाण्यानं चाकू धुतो, मग स्वतः अंघोळ करतो.

सांजवेळ
माझ्याकडे वडिलांचा एक कार्बन पात्याचा चाकू आहे, कुणी बनवला ते पुसून गेलंय. मिळाला तेव्हा पातं काळं-निळं, डागाळलेलं होतं. मी उत्साहानं पॉलिश पेपर घेऊन तासभर घासलं आणि आरशासारखं केलं. वडिलांनी बघितलं. काही बोलले नाहीत, नुसतं पात्यावरून बोट फिरवलं. दुसऱ्या दिवशी सफरचंद कापलं तर तासाभरात लालसर डाग. तेव्हा कळलं की मी वीस वर्षांचं चिलखत उतरवून टाकलं होतं.

आता पुन्हा काळं व्हायला लागलंय. प्रत्येक फळाचा रंग वेगळा उठतो, त्यात मला मजा वाटते.

लोहभस्म
ताई, चिलखत शब्द अगदी बरोबर. लाल गंज पोकळ आणि भुसभुशीत असतो, ओल धरून ठेवतो आणि खाली खात जातो. काळा थर पात्याला घट्ट चिकटून बसतो आणि पुढचा गंज मंदावतो. फळांमधल्या आणि चहामधल्या टॅनिनमुळे निळसर-काळा रंग येतो. घाई असेल तर पातं पुसून, तेलकटपणा घालवून, कोमट व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवा. बाहेर काढून धुवा, कोरडं करा, तेलाचं बोट फिरवा. तुमचा चाकू मात्र सफरचंदांवरच काळा होऊ दे. घाई कशाला?

डावखुरी
माझा एक प्रश्न, जो कुणालाच पडत नाही. पातं उघडायला नख अडकवायची जी खाच असते ती नेहमी एकाच बाजूला, उजव्या अंगठ्यासाठी. मी डावखुरी. चाकू उलटा धरून, तोंडाशी नेऊन उघडण्याचे प्रकार करून झालेत. माझ्यासारख्यांनी काय करावं?

निसणा
फार चांगला प्रश्न. घर्षणाच्या चाकूत खाच लागतच नाही, शेपटी अंगठ्यानं दाबली की पातं वर येतं, डावं-उजवं सारखंच. स्प्रिंगच्या चाकूत पातं मिटल्यावर त्याचा बराच भाग मुठीबाहेर राहत असेल, तर खाच विसरा आणि चिमटीत धरून ओढा. दुकानात हातात घेऊन हेच करून बघा: चिमटीत पातं सापडतंय का? सापडत नसेल तर तो चाकू पावसात उजव्या हाताच्या माणसालाही उघडणार नाही.

कातळ
ओपिनेल ८ नंबरमध्ये डावखुऱ्यांसाठी वेगळा प्रकार येतो, खाच दुसऱ्या बाजूला.

डावखुरी
कातळ, तुम्हाला साष्टांग दंडवत! इतकी वर्षं माहीतच नव्हतं.

काजवा
थोडं अवांतर होतंय, पण मुलगी आठ वर्षांची आहे आणि आमच्याबरोबर फिरायला येते. तिला चाकू कधी द्यावा? घरात दोन तट पडलेत.

निसणा
वयापेक्षा सवय बघा. बसल्याशिवाय चाकू उघडायचा नाही आणि उघडा चाकू हातात घेऊन चालायचं नाही, हे ती न सांगता पाळते का? हात पूर्ण लांब करून गोल फिरवायचा, त्या रिंगणात कुणी नसेल तरच पातं बाहेर. कोपरं गुडघ्यांवर टेकवून, काठी गुडघ्यांच्या पुढे धरून, स्वतःपासून लांब तासायचं. मांडीवर ठेवून कधीच नाही, मांडीच्या आतल्या बाजूनं मोठी रक्तवाहिनी जाते. दुसऱ्याला द्यायचा तर मिटून द्यायचा. आणि हातातून निसटला तर झेलायचा नाही, पडू द्यायचा. हे शेवटचं मोठ्यांनाही मुद्दाम शिकवावं लागतं, कारण हात आपोआप पुढे जातो.

लहान मुलांसाठी बोथट, गोल टोकाचे चाकू मिळतात, ओपिनेलचाही एक आहे, ७ नंबरचा. टोक गोल असलं तरी धार खरी ठेवा. बोथट चाकूला जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की तो सटकतो.

काजवा
'झेलायचा नाही' हे आजच जेवणाच्या टेबलावर चमच्यावर शिकवलं. पहिल्या तीन वेळा सगळ्यांनीच झेलला :)

उंबरठा
मंडळी, कायद्याबद्दल कुणीच काही बोललेलं नाही. चाकू घेऊन परक्या प्रदेशात जाणार असाल तर तिथला नियम आधी वाचा, आणि इथे लॉकचा मुद्दा वेगळ्याच बाजूनं येतो. ब्रिटनमध्ये सार्वजनिक ठिकाणी काही कारण न देता जवळ ठेवता येतो तो फक्त घडीचा, लॉक न होणारा आणि धार तीन इंचांपर्यंतचा चाकू. लॉक होणारा असेल तर योग्य कारण दाखवावं लागतं, मग पातं कितीही छोटं असो. म्हणजे ओपिनेलची कडी तिथे अडचणीची आणि साधा स्विस चाकू बिनघोर. जर्मनीत एका हातानं उघडून लॉक होणाऱ्या चाकूंवर बंधनं आहेत, दोन हातांनी उघडायचे जुने चाकू त्यात येत नाहीत.

विमानात हातातल्या सामानात ठेवू नका, चेक-इनच्या बॅगेत टाका. ओळखीतल्या एकांचा आजोबांचा चाकू असाच विमानतळावरच्या डब्यात गेला.

पायवाट
बापरे, दोन दिवसांत केवढं लिहिलंत सगळ्यांनी! धाग्याला खरंच धार आली.

उंबरठा, हे मला पूर्ण नवीन. लॉक म्हणजे जास्त चांगलं एवढंच डोक्यात होतं. लांबीचं मात्र राहिलं. निसणाकाका, आठ सेंटिमीटर पुरेल का? आणि कातळ, तुम्ही एक ओळ लिहून पळालात. ८ नंबरच का, ते सांगा ना.

कातळ
पळालो नव्हतो, डोंगरात होतो. सविस्तर लिहितो.

८ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं. चार बोटं मुठीवर बसतात, तरी खिशात टोचत नाही. वजन पन्नास ग्रॅमच्या आत. पण खरं कारण लांबी नाही, जाडी आहे. पाठीकडे पातं पावणेदोन मिलिमीटरहून जाड नाही आणि धारेकडे एकसारखं उतरत जातं. आजकाल बाहेरच्या कामाचे म्हणून तीन-चार मिलिमीटर जाड पात्यांचे चाकू खपवले जातात. हातात घेतलं की दणकट वाटतात. फळ कापायला गेलात की ते कापत नाहीत, फोडतात. लाकडात शिरतात आणि पाचरीसारखे अडकतात. पातळ पातं लाकडातून कागदासारखी ढलपी काढतं, आणि ओल्या दिवसांत शेकोटी पेटते ती त्या कागदासारख्या ढलप्यांवर. जाड पात्यानं निघालेल्या ढलप्यांना काडी लावत बसा, धूर येतो, जाळ येत नाही.

आणि मूठ. गोल, लाकडी, कुठेही कड नाही. तुम्ही लिहिलेला तळव्याचा फोड कडांमुळे येतो. हिगोनोकामी सुंदर असतो, मला मान्य, पण दुमडलेल्या पत्र्याची मूठ तासभर तासायला हाताला सोसत नाही. जुनी_पेटी रागावतील.

जुनी_पेटी
रागावत नाही. मी मुठीला सुती दोरी घट्ट गुंडाळतो. पण दिवसभर तासायचं असेल तर लाकडी मूठ बरी, हे खरं आहे.

भरती_ओहोटी
लाकडी मुठीचा दुसरा चेहराही सांगा. पावसात लाकूड फुगतं, पात्याला आत दाबून धरतं आणि चाकू उघडतच नाही. माझ्याकडे एक होता तसा, ऐन गरजेला दगड होऊन बसायचा. लाकूडच ते, पाणी पिणारच.

कातळ
बरोबर आहे. साव्वाच्या लोकांची त्यावर जुनी युक्ती आहे: कडी मोकळी करायची आणि मुठीचं मागचं टोक, जिथे पात्याचं टोक आत टेकतं त्या बाजूचं, दगडावर किंवा लाकडावर हलकेच आपटायचं. पातं थोडं पुढे सरकतं, मग चिमटीत येतं. मुळातला इलाज म्हणजे मुठीला तेल पाजणं. चाकू नवा, कोरडा असतानाच जवसाचं तेल फटीत आणि खिळीभोवती मुरू द्यायचं. तरी घट्ट झालाच, तर पूर्ण सुकवून फटीच्या आतून पॉलिश पेपर दोन-चारदा फिरवायचा. जास्त नाही, एकदा ढिला झाला की घट्ट करणं कठीण.

पावसाळी रानात आणि पाण्यावर मात्र धातूच्या किंवा प्लास्टिकच्या मुठीचा चाकू घ्यावा. तिथे मी ओपिनेलचा आग्रह धरणार नाही.

निसणा
लांबीबद्दल माझंही तेच, सात ते नऊ सेंटिमीटर. त्याहून लांब पातं घडीच्या चाकूत खिळीवर फार ताण आणतं. आणि ताई, घडीच्या चाकूच्या पाठीवर दुसऱ्या लाकडानं ठोकून ओंडका फोडायचा नाही. व्हिडिओंमध्ये करतात. सगळा मार त्या एका खिळीवर बसतो. एकदा ती हलली की चाकू गेला.

चाकू कोणताही घ्या, धार लावायला मात्र शिका, नाहीतर तीन महिन्यांनी तो पाकिटं फोडण्यापुरता उरेल. नव्यानं शिकणाऱ्याचं गाडं जिथे अडतं तेवढंच सांगतो. १००० नंबरचा एक दगड पुरे. पाणी लावा. पातं दगडावर आडवं ठेवा आणि पाठ थोडी उचला, प्रत्येक बाजूला वीस अंशांच्या आसपास. कोन नेमका किती यापेक्षा तो हलू न देणं महत्त्वाचं. धारेच्या उतारावर काळं मार्कर फिरवा आणि चार-सहा वेळा घासून बघा: शाई सगळ्या उतारावरून, अगदी धारेच्या कडेपर्यंत गेली तर बरोबर, वरूनच गेली तर पाठ जास्त खाली आहे.

एका बाजूनं घासत राहा, जोवर दुसऱ्या बाजूला बारीक कड उठून बोटाला खरखर लागत नाही. बोट कडेच्या आडवं फिरवायचं, धारेच्या बाजूनं कधीच नाही. बुडापासून टोकापर्यंत सगळीकडे ती खरखर लागली पाहिजे. बहुतेक लोक इथे घाई करतात. खरखर यायच्या आधीच बाजू बदलतात, मग तासभर घासूनही चाकू बोथटच, आणि दोष दगडाला. कड उठली की बाजू बदला, तीच खरखर या बाजूला आणा. मग हात अगदी हलका करत एक इकडून, एक तिकडून, असं ती कड झिजवून टाका. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या उलट्या बाजूवर पाठ पुढे ठेवून ओढा, दहा-दहा वेळा. कागदाच्या कडेत पातं आवाज न करता उतरलं पाहिजे.

सांजवेळ
काका, मार्करची युक्ती आजच केली. मी सहा वर्षं धारेच्या वरचाच भाग घासत होते!

लोहभस्म
धारेचं यंत्र वापरणाऱ्यांना एक विनंती. कोरड्या, वेगानं फिरणाऱ्या चाकावर पातळ कड क्षणात तापते. पोलाद निळं पडलं की तेवढा भाग मऊ झाला, कितीही घासा, धार टिकणार नाही. पातळ पात्यांना हाताचा दगडच बरा.

उंबरठा
लायोलबद्दल कुणीच लिहिलं नाही. मला तो सगळ्यात देखणा वाटतो.

जुनी_पेटी
देखणा आहेच, स्प्रिंगवर मधमाशी कोरलेली असते. पण लायोल हे मूळ एका गावाचं नाव आणि चाकूच्या घाटाचं. एकाच कारखान्याचं नाही. त्या नावानं उत्तम चाकूही मिळतात आणि अगदी टाकाऊही, म्हणून घ्यायचाच तर कोणी बनवलाय ते बघून घ्यावा. रानात वापरायला मी त्यापेक्षा डुक-डुक देईन. तोही फ्रेंच, तिएर गावचा, १९२९ पासूनचा. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, कार्बनचं पातं आणि फार जोरकस स्प्रिंग. खिशात असल्याचं कळतही नाही इतका चपटा.

पायवाट
दीड महिन्यानं परत येतेय, उशिराबद्दल माफ करा.

दुकानात तीन चाकू हातात घेतले. डावखुरीसाठी काकांनी सांगितलेली चिमटीची परीक्षा मीही केली आणि एक तिथेच बाद झाला. शेवटी ८ नंबरचा ओपिनेल घेतला, कार्बनचा. सांजवेळताईंच्या वडिलांच्या चाकूमुळे, खरं सांगायचं तर. मलाही काळं होत जाणारं पातं हवंसं वाटलं.

दोन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत तंबूच्या सहा खुंट्या तासल्या, तळव्याला काही नाही. दुसऱ्या फेरीत रात्रभर पाऊस होता. सकाळी पडलेल्या वाळक्या फांद्यांची ओली साल सोलून आतलं कोरडं लाकूड काढलं आणि कातळ म्हणाले तशा कागदासारख्या ढलप्या निघाल्या. दुसऱ्या काडीला जाळ धरला. पातं बुडाकडे राखाडी झालंय आणि मधे एक निळा डाग आलाय, पेअरचा. लाल ठिपका एकच दिसला, खिळीजवळ, तो तेलाच्या फडक्यानं निघाला.

भरती_ओहोटी, तुमची आठवण निघाली: पावसात मूठ फुगलीच. टोक आपटायच्या युक्तीनं उघडला, पण आता तेल पाजायला हवं. जवसाचं तेल आणून ठेवलंय. किती लावू, किती वेळ सुकू देऊ?

कातळ
आधी चाकू चार-पाच दिवस घरात उघडा ठेवून पूर्ण कोरडा करा, ओल आत असताना तेल लावलं तर ती आतच कोंडते. मग फडक्यानं पातळ हात द्या, फटीत आणि खिळीभोवती थेंब सोडा. अर्ध्या तासानं वर राहिलेलं सगळं पुसून काढा, नाहीतर चिकट थर बसतो. कच्चं तेल सुकायला कित्येक दिवस लागतात. हाताला चिकटत नाही असं झालं की दुसरा हात. तीन हात पुरतात.

निसणा
आणि ताई, तेल पुसलेलं फडकं चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि गरम होतं. बोळा केलेल्या फडक्यात ती उष्णता कोंडते आणि फडकं काडी न लावता पेट घेऊ शकतं. बाहेर दोरीवर पसरून वाळत घाला, किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

पायवाट
बरं झालं सांगितलंत, बोळा करून ठेवलेलाच होता. आत्ता उठून पसरून आले.